हायपरवायझर मध्ये कधी पडतो?

एका सर्व्हरवर वीस व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक, चालतात असं सांगितलं की बहुतेकांना एकच आकृती आठवते. खाली हार्डवेअर, त्यावर ही मशीन उभी करून सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे हायपरवायझरचा, आडवा पट्टा आणि त्यावर ओळीने वीस चौकोन. आकृती चुकीची नाही, पण ती एक गैरसमज पक्का करते. वरच्या चौकोनात जे काही घडतं ते सगळं मधल्या पट्ट्यातून गाळूनच खाली जात असणार, असं वाटायला लागतं. तसं असतं तर व्हर्च्युअल मशीनवर डेटाबेस चालवायची हिंमत कोणी केली नसती. प्रत्यक्षात व्हर्च्युअल मशीनमधला प्रोग्रॅम बेरीज करतो, लूप फिरवतो, दोन स्ट्रिंग ताडून बघतो, तेव्हा त्या इन्स्ट्रक्शन्स (प्रोसेसरला दिलेल्या आज्ञा) थेट खऱ्या प्रोसेसरवर, पूर्ण वेगाने चालतात. हायपरवायझर त्या वेळी झोपलेला असतो.

म्हणून या सॉफ्टवेअरची रचना समजून घ्यायची तर थर मोजत बसू नये. हायपरवायझर मध्ये कधी पडतो, का पडतो आणि पडल्यावर काम कोणाकडे सोपवतो, हे बघावं. या लेखात उदाहरण म्हणून मी लिनक्सवरचं केव्हीएम (लिनक्सलाच हायपरवायझर बनवणारं मॉड्यूल) घेतो आहे, कारण त्याचा सोर्स कोड कोणालाही उघडून वाचता येतो. यंत्र ज्याचं, तो होस्ट. आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम, ती गेस्ट.

एका इन्स्ट्रक्शनने घातलेला घोळ

व्हर्च्युअल मशीन ही क्लाउडच्या काळातली कल्पना नाही. आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये १९६० च्या दशकातच सीपी-४० आणि त्यानंतर सीपी-६७ या प्रणाली तयार झाल्या होत्या, आणि १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० बाजारात आणण्याची घोषणा केली. एका मेनफ्रेमवर प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र मशीन मिळाल्यासारखं वाटायचं.

हे नेमकं कोणत्या प्रोसेसरवर जमेल याचा नियम जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये मांडला. सोप्या शब्दांत तो असा: मशीनची अंतर्गत स्थिती बदलणारी किंवा उघड करणारी प्रत्येक इन्स्ट्रक्शन, ती चालवण्याचा अधिकार नसलेल्या कोडने चालवली तर, प्रोसेसरने तिथेच थांबून वरच्या अधिकाऱ्याला कळवलं पाहिजे. या थांबण्याला ट्रॅप म्हणतात. ट्रॅप मिळाला की हायपरवायझर बघून घेतो. ट्रॅपच आला नाही, तर त्याला काही कळायचा मार्गच उरत नाही.

इंटेलच्या एक्स८६ घराण्यात हा नियम पाळलेला नव्हता. पेंटियमवर हा नियम मोडणाऱ्या १७ इन्स्ट्रक्शन्स असल्याचं २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवलं गेलं. त्यातली पॉपएफ नावाची इन्स्ट्रक्शन जवळून बघण्यासारखी आहे. ती स्टॅकवरची (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातली) किंमत उचलून फ्लॅग रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या स्थितीच्या खुणा ठेवणाऱ्या जागेत, भरते. त्या रजिस्टरमधला एक बिट इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून प्रोसेसरचं लक्ष वेधणारे इशारे, चालू आहेत की बंद, हे ठरवतो. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, ती चालवली तर तो बिट बदलतो. साध्या प्रोग्रॅमने चालवली तर बाकीचे फ्लॅग बदलतात, पण हा बिट आहे तसाच राहतो. आणि प्रोसेसर चकार शब्द काढत नाही.

आता गेस्ट कर्नलची अवस्था बघा. एक्स८६ मध्ये अधिकाराच्या चार पायऱ्या असतात, रिंग ० ते रिंग ३. रिंग ० ही कर्नलची जागा, पण ती हायपरवायझरने स्वतःकडे ठेवली, म्हणून गेस्ट कर्नलला खालच्या रिंगमध्ये बसवावं लागलं. त्याने पॉपएफ चालवून समजूत करून घेतली की इंटरप्ट बंद झाले. ते झालेलेच नसतात. हायपरवायझरलाही पत्ता नाही. अर्ध्या लिहिलेल्या डेटा स्ट्रक्चरवर इंटरप्ट येऊन आदळला की गेस्ट कोसळलाच.

यावर दोन वेगळे तोडगे निघाले आणि दोन्ही बुद्धिमान होते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने गेस्ट कर्नलचा कोड चालायच्या आधी वाचायचा, त्यातल्या घातक इन्स्ट्रक्शन्स बदलायच्या आणि बदललेली प्रत चालवायची, असा मार्ग धरला. याला बायनरी ट्रान्सलेशन म्हणतात. गंमत अशी की साध्या प्रोग्रॅमचा कोड तेव्हाही जसाच्या तसा चालू द्यायचे. दुभाषा लागायचा तो फक्त कर्नलला. दुसरा तोडगा केंब्रिज विद्यापीठात जन्मलेल्या झेनचा, २००३ चा. गेस्ट कर्नलचाच सोर्स कोड बदला, म्हणजे तो अवघड जागी स्वतःहून हायपरवायझरला हाक मारेल. वेग उत्तम मिळाला, पण सोर्स कोड हातात नसलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी हे दार बंदच होतं. ॲमेझॉनने २००६ मध्ये ईसी२ सुरू केलं ते झेनवरच.

प्रोसेसरने घेतलेली जबाबदारी

मग इंटेलने २००५ च्या शेवटी आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच सोय केली. अनेक ठिकाणी याला ‘रिंग वजा एक’ म्हटलेलं दिसतं. मला ते नाव दिशाभूल करणारं वाटतं. इंटेलने नवी रिंग जोडलेली नाही, एक पूर्ण वेगळी मिती जोडली आहे. प्रोसेसर आता रूट मोडमध्ये तरी असतो किंवा नॉन-रूट मोडमध्ये तरी, आणि दोन्ही मोडमध्ये रिंग ० ते ३ स्वतंत्रपणे असतात. होस्ट रूट मोडमध्ये चालतो, गेस्ट नॉन-रूटमध्ये. गेस्ट कर्नलला आता त्याची हक्काची रिंग ० मिळते, फक्त ती नॉन-रूटमधली. पॉपएफ तिथे नीट चालते, कारण जो बिट बदलतो तो गेस्टपुरताच असतो.

होस्टकडून गेस्टमध्ये जाणं म्हणजे व्हीएम एंट्री. उलट येणं म्हणजे व्हीएम एक्झिट. कोणत्या घटनेवर एक्झिट व्हायचा हे व्हीएमसीएस नावाच्या, जास्तीत जास्त ४ केबीच्या एका नोंदवहीत लिहिलेलं असतं. प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसरची वही वेगळी. गेस्टची स्थिती, होस्टची स्थिती, कुठे थांबायचं याचे नियम आणि मागच्या वेळी का थांबलो याचं कारण, सगळं त्यात.

ही ये-जा फुकट नाही. प्रोसेसरच्या पिढीप्रमाणे एका एक्झिटला शेकडो ते काही हजार क्लॉक सायकल्स जातात. सेकंदाला हजारभर एक्झिट झाले तर कोणाला कळणारही नाही. लाखांत झाले तर मशीन रेंगाळायला लागतं. पुढचं जवळजवळ सगळं डिझाइन हे एक्झिट कमी करण्यासाठीच झालेलं आहे.

केव्हीएम आणि क्यूईएमयू: कामाची वाटणी

क्युमरानेट या इस्रायली कंपनीत असताना अवी किव्हिटी यांनी केव्हीएम लिहायला घेतलं आणि फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या लिनक्स २.६.२० मध्ये ते सामील झालं. पुढच्याच वर्षी रेड हॅटने ती कंपनी विकत घेतली. विचार साधा होता. हायपरवायझरला प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा हे ठरवणारा शेड्युलर लागतो, मेमरी सांभाळणारा भाग लागतो, शेकडो हार्डवेअर ड्रायव्हर लागतात. हे सगळं लिनक्समध्ये आहेच. मग नवं कशाला लिहायचं? फक्त व्हीएम एंट्री आणि एक्झिट हाताळणारं एक मॉड्यूल लिहिलं की लिनक्सच हायपरवायझर होतो.

पण प्रोसेसर म्हणजे संपूर्ण संगणक नव्हे. डिस्क, नेटवर्क कार्ड, सिरियल पोर्ट, बायोस हे कोण पुरवणार? त्यासाठी फाब्रिस बेलार्ड यांचा क्यूईएमयू आधीपासून होता. तो होस्टवरचा एक साधा प्रोग्रॅम आहे. होस्टच्या नजरेतून एक व्हर्च्युअल मशीन म्हणजे एक क्यूईएमयू प्रोसेस, आणि प्रत्येक व्हर्च्युअल प्रोसेसर म्हणजे त्या प्रोसेसमधला एक थ्रेड (स्वतंत्रपणे चालणारा कामाचा धागा). प्रोसेसची यादी काढली तर ती तिथे दिसते, आणि किल केली तर ते मशीन वीज गेल्यासारखं बंद पडतं. मला या रचनेतली हीच गोष्ट सगळ्यांत जास्त आवडते: नवीन काही शिकायला न लावता, लिनक्सच्या प्रशासकाला हाताशी असलेली सगळी जुनी हत्यारं इथेही चालतात.

एक अक्षर घेऊन त्याच्या मागे जाऊ. गेस्ट कर्नलला सिरियल पोर्टवर एक अक्षर लिहायचं आहे. तो आउट ही इन्स्ट्रक्शन चालवतो. या पोर्टला हात लावला तर थांब, असं वहीत लिहिलेलं असल्यामुळे प्रोसेसर व्हीएम एक्झिट करतो आणि ताबा होस्ट कर्नलमधल्या केव्हीएमकडे येतो. केव्हीएम कारण वाचतं: पोर्टवर लिहिण्याचा प्रयत्न. सिरियल पोर्ट कसा वागतो हे केव्हीएमला ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. ते सगळा तपशील सामायिक मेमरीच्या एका पानावर ठेवतं आणि क्यूईएमयूला उठवतं. क्यूईएमयूमधला नकली सिरियल पोर्ट ते अक्षर घेतो, होस्टवरच्या एखाद्या फाइलमध्ये किंवा टर्मिनलवर टाकतो आणि केव्हीएमला सांगतो, चल पुढे. पुन्हा व्हीएम एंट्री. गेस्ट पुढची इन्स्ट्रक्शन चालवतो. मध्ये एवढं सगळं झालं याची त्याला गंधवार्ताही नसते.

या फेरीत दोन उंबरठे ओलांडले गेले: गेस्टमधून कर्नलमध्ये आणि कर्नलमधून क्यूईएमयूमध्ये. दुसरा उंबरठाही महाग असतो. म्हणून सतत लागणारी उपकरणं, उदाहरणार्थ इंटरप्ट कंट्रोलर, केव्हीएम कर्नलमध्येच हाताळतं. क्वचित लागणारं, किचकट काम क्यूईएमयूकडे जातं.

टाइप एक आणि टाइप दोन हायपरवायझर हा वाद इथे फारसा उपयोगाचा राहत नाही. थेट हार्डवेअरवर बसतो तो टाइप एक, ऑपरेटिंग सिस्टिमवर बसतो तो टाइप दोन, अशी ती वर्गवारी. केव्हीएम लिनक्सच्या आत आहे आणि लिनक्स थेट हार्डवेअरवर. मुलाखतीत विचारतात म्हणून पाठ करावी इतकंच.

मेमरी: एका पत्त्यासाठी चोवीस फेऱ्या

गेस्टला वाटतं आपल्याकडे शून्यापासून सुरू होणारी १६ जीबी सलग मेमरी आहे. खरं तर ती क्यूईएमयू प्रोसेसने होस्टकडून मागून घेतलेली साधी व्हर्च्युअल मेमरी असते, आणि खऱ्या रॅममध्ये तिची पानं (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) कुठेही विखुरलेली असू शकतात. म्हणजे पत्त्यांचं भाषांतर दोनदा करावं लागतं. प्रोग्रॅमच्या पत्त्यावरून गेस्टच्या कथित भौतिक पत्त्यावर, आणि तिथून होस्टच्या खऱ्या पत्त्यावर.

पूर्वी हायपरवायझर या दोन्हींचं मिळून एक छुपं टेबल ठेवायचा. गेस्टने आपल्या पेज टेबलमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या भाषांतराच्या तक्त्यात, काही बदललं की याला मध्ये पडून आपलं टेबल दुरुस्त करावं लागायचं. एक्झिटचा पाऊस पडायचा. एएमडीने २००७ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये दोन पायऱ्यांचं भाषांतर हार्डवेअरमध्येच आणलं. आता गेस्ट आपली पेज टेबल हवी तशी बदलतो आणि हायपरवायझरला कळवायची गरज नसते.

किंमत वेगळ्या खात्यात मोजावी लागते. साध्या मशीनवर चार पातळ्यांचं पेज टेबल चालून जायला चार वेळा मेमरी वाचावी लागते. गेस्टमध्ये त्या चार टेबलांपैकी प्रत्येकाचा पत्ता हा स्वतःच कथित असतो. तो शोधायला होस्टचे चार वाचन, मग प्रत्यक्ष टेबलाचं एक, असे पाच. चार पातळ्यांचे झाले वीस. शेवटी जो पत्ता मिळाला तोही कथितच, त्याचे आणखी चार. एकूण चोवीस. प्रोसेसर उत्तरं टीएलबी नावाच्या आपल्या छोट्या, वेगवान साठ्यात ठेवतो म्हणून हा प्रसंग दर वेळी येत नाही. पण मोठा डेटाबेस अख्ख्या मेमरीभर फिरत असेल तर नक्की येतो. अशा मशीनसाठी होस्टवर ४ केबीऐवजी २ एमबीची मोठी पानं वापरतात, कारण एक पातळी कमी होते आणि टीएलबीतली एक नोंद ५१२ पट मेमरी व्यापते. ही एक सेटिंग अनेकदा नव्या हार्डवेअरपेक्षा जास्त कामाची ठरते.

गेस्टची मेमरी ही होस्टच्या दृष्टीने साधी प्रोसेस मेमरी असल्याचा आणखी एक परिणाम आहे. गेस्टने पानाला हात लावेपर्यंत खरी रॅम द्यावीच लागत नाही. त्यामुळे ६४ जीबीच्या होस्टवर एकूण ८० जीबीचे गेस्ट उभे करता येतात. सगळ्यांनी एकदम मेमरी मागितली की मात्र होस्ट स्वॅपवर (रॅमऐवजी डिस्क वापरण्यावर) जातो आणि सगळेच्या सगळे गेस्ट एकाच वेळी गुदमरतात.

डिस्क आणि नेटवर्क

खऱ्या नेटवर्क कार्डची हुबेहूब नक्कल केली की जुन्या ड्रायव्हरवरही गेस्ट चालतो, पण कार्डच्या रजिस्टरला हात लावला की एक्झिट, असं होत राहतं. रस्टी रसेल यांनी पुढे आणलेल्या व्हर्टआयओने नक्कल करण्याचा नादच सोडला. गेस्टला सरळ सांगितलं, तू व्हर्च्युअल आहेस, हा खास ड्रायव्हर वापर. दोघांच्या सामायिक मेमरीत एक गोल रांग असते. गेस्ट त्यात पॅकेटचे पत्ते मांडत जातो आणि बऱ्याच पॅकेटसाठी मिळून एकदाच घंटी वाजवतो. झेनने संपूर्ण कर्नलला जे सांगितलं तेच इथे फक्त ड्रायव्हरपुरतं सांगितलं आहे. विंडोज गेस्टमध्ये हा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. तो राहून गेला की इन्स्टॉलरला डिस्कच सापडत नाही.

याच्याही पुढे जाऊन खऱ्या नेटवर्क कार्डचा एक तुकडा थेट गेस्टच्या हवाली करता येतो. एसआर-आयओव्ही असलेलं कार्ड स्वतःच अनेक कार्ड असल्यासारखं वागतं, आणि आयओएमएमयू नावाचं हार्डवेअर त्या तुकड्याला दुसऱ्याच्या मेमरीत घुसू देत नाही. हायपरवायझर वाटेतून जवळजवळ पूर्ण बाजूला होतो. वेग खऱ्या मशीनच्या अगदी जवळ जातो. पण जो मध्ये नाही, त्याला काही हलवताही येत नाही, आणि हा तोटा पुढच्या प्रकारात टोचतो.

चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न थांबवता नेणं, म्हणजे लाइव्ह मायग्रेशन. आधी सगळी मेमरी नव्या सर्व्हरवर पाठवायची. ते होत असताना गेस्ट जुन्या जागी चालूच असतो, म्हणून पाठवलेली काही पानं बदलतात. कोणती बदलली हे कळावं म्हणून एरवी बाजूला राहणारा हायपरवायझर इथे मुद्दाम पहारा ठेवतो. बदललेली पानं पुन्हा पाठवायची, त्यात बदललेली पुन्हा. उरलेला ढीग पुरेसा लहान झाला की गेस्टला क्षणभर थांबवून शेवटची पानं आणि प्रोसेसरची स्थिती पाठवायची, आणि तिकडे सुरू करायचं. झेनवर काम करणाऱ्या संशोधकांनी २००५ मध्ये एक चालू गेम सर्व्हर असा हलवला, तेव्हा तो केवळ ६० मिलिसेकंद थांबला होता.

गेस्ट नेटवर्कच्या वेगापेक्षा जोरात मेमरी लिहीत असेल तर हा ढीग कधी लहान होतच नाही. मग क्यूईएमयू व्हर्च्युअल प्रोसेसरांचा वेग मुद्दाम मंदावतो. आणि गेस्टच्या हातात खऱ्या कार्डचा तुकडा असेल, तर त्या कार्डाच्या पोटातली स्थिती उचलून दुसरीकडे ठेवायची साधी सोय नसते. बहुतेक ठिकाणी तो तुकडा आधी काढून घ्यावा लागतो.

प्रोसेसरची वाटणी आणि एक सल्ला

व्हर्च्युअल प्रोसेसर हा थ्रेड असल्यामुळे त्याला खरा कोर कधी द्यायचा हे लिनक्सचा शेड्युलर ठरवतो. गेस्टला पळायचं आहे पण होस्टकडे कोर मोकळा नाही, अशा वाट पाहण्यात गेलेला वेळ लिनक्स गेस्टमध्ये ‘टॉप’ कमांडच्या एसटी या रकान्यात दिसतो. तो आकडा सतत वर असेल तर दोष तुमच्या ॲप्लिकेशनचा नाही, होस्टवर गर्दी आहे.

चार व्हर्च्युअल प्रोसेसरांत भागणाऱ्या मशीनला सोळा देऊन ठेवायची सवय फार पसरलेली आहे, आणि ती खरोखर नुकसान करते. गेस्टमधल्या एका प्रोसेसरने लॉक (एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूप) धरलेला असताना होस्टने त्याचाच कोर काढून घेतला, तर उरलेले त्या लॉकसाठी नुसते गरगर फिरत बसतात. प्रोसेसर जितके जास्त आणि होस्टवर गर्दी जितकी जास्त, तितकी याची शक्यता जास्त. कमी देऊन सुरुवात करावी, मोजावं, मग वाढवावं.

भिंत कुठे फुटते

२०१५ मध्ये व्हेनम नावाने गाजलेली चूक क्यूईएमयूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या नकलेत सापडली. सर्व्हरवर फ्लॉपी कोणी वापरत नव्हतं, तरी तो कोड तिथे होता, आणि गेस्टमधून त्याला वेडीवाकडी माहिती पाठवून क्यूईएमयू प्रोसेस कोसळवता येत होती, कदाचित ताब्यातही घेता येत होती. यावरून दिसतं की सर्वांत मोठा धोका प्रोसेसरच्या व्यवस्थेत नसून उपकरणांच्या नकलेत आहे. म्हणून आज क्यूईएमयू प्रोसेसला कमीत कमी अधिकार देऊन, एसईलिनक्ससारख्या कुंपणात चालवतात. ॲमेझॉनने २०१८ मध्ये खुल्या केलेल्या फायरक्रॅकरने तर क्यूईएमयूच बाजूला ठेवला. केव्हीएम तेच, पण वरचा प्रोग्रॅम रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला आणि उपकरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. फ्लॉपी तर नाहीच नाही.

अलीकडे प्रश्न उलटाही विचारला जातो. गेस्टपासून होस्टला वाचवलं, होस्टपासून गेस्टला कोण वाचवणार? बँकेचा किंवा रुग्णालयाचा डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर असेल तर ही चिंता रास्त आहे. एएमडीने २०१७ च्या एपिक प्रोसेसरांपासून एसईव्ही आणलं, पुढे इंटेलने टीडीएक्स. यात प्रत्येक गेस्टची मेमरी वेगळ्या किल्लीने एन्क्रिप्ट होते आणि किल्ली प्रोसेसरच्या आतच राहते. हायपरवायझरने पान उघडलं तरी त्याला अर्थहीन बाइट्स दिसतात. त्याबदल्यात काही सोयी हातच्या जातात. दोन गेस्टमधली सारखी पानं ओळखून रॅम वाचवण्याची युक्ती इथे चालत नाही, कारण वेगळ्या किल्ल्यांमुळे सारखी पानंही सारखी दिसत नाहीत. व्हर्टआयओची गोल रांगही एन्क्रिप्ट न केलेल्या भागात मुद्दाम वेगळी ठेवावी लागते, आणि प्रत्येक पॅकेट तिथे कॉपी करूनच होस्टच्या हाती द्यावं लागतं.